आउटर लिडचा पाच लिटरचा कुकर: स्वयंपाकाला उत्तम, रचनेत सदोष

स्वयंपाकाच्या दृष्टीने आउटर लिडच्या, म्हणजे झाकण बाहेरून बसणाऱ्या, या कुकरबद्दल माझी तक्रार नाही. तळ जाड आहे, तोंड रुंद असल्यामुळे वरण-भाताचे डबे सहज आत-बाहेर होतात आणि घासताना हात तळापर्यंत पोहोचतो. घरगुती कुकरला १ फेब्रुवारी २०२१ पासून बंधनकारक असलेले आयएसआय चिन्हही त्यावर आहे. तरीही हा कुकर घ्या असे मी कोणालाही सांगणार नाही, कारण आत दाब असतानाही त्याचे झाकण उघडू शकते.

तूरडाळ शिजल्यावर गॅस बंद करून मी शिट्टी उचलली. वाफ आली नाही, म्हणून कुकर पडला असे समजून दांडा फिरवला. प्रत्यक्षात डाळीचा फेस नळीत अडकल्याने वाफेची वाटच बंद झाली होती. दांडा नेहमीपेक्षा जड लागला, पण अडला नाही; रबराच्या कडेने जोरात वाफ सुटली आणि डाळ ओट्यावर उडाली. सुदैवाने कोणाला भाजले नाही. कंपनीकडे तक्रार केल्यावर उत्तर मिळाले की, वाफ पूर्ण जिरल्याशिवाय झाकण उघडू नये, असे पुस्तिकेत छापलेले आहे.

हे उत्तर मला मान्य नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ८४ मध्ये रचनेतील दोष आणि अपुऱ्या सूचना ही उत्पादकाच्या जबाबदारीची दोन स्वतंत्र कारणे आहेत. त्यामुळे सूचना छापली म्हणून रचनेचा प्रश्न मिटत नाही. मात्र रचना सदोष कधी मानायची, याची कसोटी त्या कलमात दिलेली नाही. ती शोधताना कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाचा बार्कर विरुद्ध लल इंजिनीअरिंग हा १९७८ चा निकाल फार उपयोगी पडतो. बांधकामावरील लोडर, म्हणजे माल उचलणारे यंत्र, चालवताना जखमी झालेल्या कामगाराच्या या खटल्यात न्यायालयाने दोन वाटा मोकळ्या ठेवल्या. पहिली ग्राहकाच्या अपेक्षेची: नेहमीच्या किंवा उत्पादकाला आधीच कल्पना करता येईल अशा वापरात, सामान्य ग्राहकाला अपेक्षित असते तितकी ती वस्तू सुरक्षित आहे का? दुसरी धोका आणि उपयुक्तता यांच्या तुलनेची. आणि रचनेमुळेच इजा झाली हे ग्राहकाने दाखवले की, रचनेचे फायदे तिच्या धोक्यांपेक्षा जास्त आहेत हे सिद्ध करण्याचा भार न्यायालयाने उत्पादकावर टाकला. कारखान्यातील आराखडे आणि चाचण्यांची कागदपत्रे ग्राहकाच्या हाती नसतात, हे पाहता मला हा भाग सर्वांत न्याय्य वाटतो.

पहिल्या कसोटीवर कंपनी म्हणू शकेल की, कुकरची वाफ भाजते हे कोणालाही ठाऊक असते. दुसऱ्या कसोटीवर मात्र तिची बाजू लंगडी पडते, कारण अधिक सुरक्षित रचना बाजारात पूर्वीपासूनच आहे. इनर लिडच्या कुकरचे लंबगोल झाकण आतून बसते आणि वाफेचा दाबच ते कडेला घट्ट धरून ठेवतो. दाब उतरेपर्यंत ते उघडता येत नाही. त्याचे तोंड अरुंद असते आणि झाकण बसवण्याची सवय व्हावी लागते, हे खरे. पण रुंद तोंडच हवे असेल, तर दाब असेपर्यंत दांडा अडवणारी खीळ काही आउटर लिड कुकरना असतेच. एवढ्याशा भागाने हा धोका टळत असताना तो न बसवण्याचे कोणते कारण कंपनी देणार?

कायद्यानुसार उत्पादकाच्या जबाबदारीचा दावा करण्यासाठी इजा किंवा इतर नुकसान व्हावे लागते आणि केवळ त्या वस्तूचे झालेले नुकसान त्यात धरले जात नाही. म्हणून मी दावा केलेला नाही. फक्त लेखी तक्रार नोंदवून कुकर परत केला आहे. आउटर लिडचाच कुकर घ्यायचा असेल, तर दुकानात रिकाम्या कुकरला झाकण लावून दांड्याजवळची खीळ बोटाने वर उचलून धरावी आणि दांडा फिरवून पाहावा. तो फिरला, तर ती खीळ केवळ दाब दाखवते, झाकण अडवत नाही. असा कुकर घेऊ नये.