स्वायत्तता की स्वातंत्र्य? स्कॉटलंडपुढचे दोन रस्ते

१९९९ पासून एडिंबरोत स्कॉटलंडची स्वतःची संसद आहे. शाळा, आरोग्यसेवा, पोलीस तिच्या हाती. संरक्षण, परराष्ट्र धोरण, चलन लंडनमधल्या ब्रिटिश सरकारकडे. सोयीची वाटणी, पण दोरी लंडनच्याच हातात. कायदेशीर लिंगनोंद बदलणं सोपं करणारं, एडिंबरोने मंजूर केलेलं विधेयक लंडनने २०२३ मध्ये अडवलं. ब्रेक्झिटला, म्हणजे ब्रिटनने युरोपीय संघ सोडण्याला, तर ६२ टक्के स्कॉटिश मतदारांचा विरोध होता, तरी बाहेर पडावंच लागलं!

स्वातंत्र्यात हे टळेल. पण स्वतंत्र झाल्यावर चलन म्हणून पौंड वापरता येईल का? २०१४ च्या स्वातंत्र्याच्या सार्वमतात हाच प्रश्न नडला आणि ५५ टक्क्यांनी 'नको' म्हटलं. आता युरोपीय संघात परतायचं, तर इंग्लंडच्या सीमेवर मालाच्या तपासणीची डोकेदुखी.

अधिकारांसाठी स्वातंत्र्य हवं, हा मुद्दा वजनदार आहे. ओळख टिकवण्यासाठी म्हणाल, तर पटत नाही: १७०७ च्या इंग्लंडबरोबरच्या विलीनीकरणानंतरही स्कॉटिश कायदा, चर्च आणि शिक्षण वेगळंच राहिलं.