परमँगनेटच्या अनुमापनासाठी ऑक्झॅलिक आम्ल की मोहर क्षार?

बारावीच्या प्रात्यक्षिकात ०.०२ मोलर पोटॅशियम परमँगनेटची तीव्रता अनुमापनानं (माहीत तीव्रतेच्या द्रावणाशी थेंबथेंब अभिक्रिया करून) ठरवायला ऑक्झॅलिक आम्ल आणि मोहर क्षार (फेरस अमोनियम सल्फेट) दोन्ही चालतात. मग निवडायचं काय?

वजन: २५० मिलीसाठी ०.०५ मोलर ऑक्झॅलिक आम्ल १.५७५ ग्रॅम, तर ०.१ मोलर मोहर क्षार ९.८ ग्रॅम. जास्त वजनात तराजूची चूक कमी जाणवते, इथे मोहर क्षार सरस.

टिकाऊपणा: मोहर क्षाराच्या द्रावणातलं फेरस (Fe²⁺) हवेनं हळूहळू फेरिक (Fe³⁺) होतं. द्रावण त्याच दिवशी वापरा आणि करताना विरल सल्फ्युरिक आम्ल घाला, नाहीतर जलापघटनानं (पाण्याशी होणाऱ्या अभिक्रियेनं) ते गढूळ होतं. ऑक्झॅलिक आम्ल तुलनेनं बरंच टिकतं.

तापवणं: खरी मेहनत इथेच. ऑक्झॅलिक आम्ल ६०–७० अंशांना तापवावं लागतं. पहिले थेंब तरीही रेंगाळतात. Mn²⁺ (मँगनीज आयन) तयार झालं की तेच उत्प्रेरक बनतं आणि रंग झटपट उडतो. घाई केलीत किंवा आम्ल कमी पडलं, तर तपकिरी MnO₂ (मँगनीज डायऑक्साइड) दिसतं. ते वाचन टाकून द्या. मोहर क्षार मात्र मुळीच तापवू नका.

आम्ल दोन्हीकडे सल्फ्युरिकच. हायड्रोक्लोरिकचं क्लोराइड परमँगनेट खातं.

वेळ कमी असेल तर मोहर क्षार. तेच द्रावण आठवडाभर वापरायचं असेल तर ऑक्झॅलिक आम्ल.