पीएसबी आणि मायकोरायझा: आठ महिने वापरल्यावर

पहिले दोन महिने वाटलं, पैसे पाण्यात गेले. द्रवरूप पीएसबी, म्हणजे स्फुरद (फॉस्फरस) विरघळवणारे जिवाणू, पाण्यात मिसळून मुळांशी ओतले, लागवडीच्या वेळी मायकोरायझाची, म्हणजे मुळांशी नातं जोडून त्यांना स्फुरद पुरवणाऱ्या बुरशीची, भुकटी खड्ड्यात टाकली. तरी टोमॅटोची पानं खालून जांभळटच, म्हणजे स्फुरदाची कमतरता कायम.

माती परीक्षणात सामू (पीएच) 8.1 आला होता. अशा चुनखडीच्या मातीत स्फुरद असतो, पण कॅल्शियमने धरून ठेवलेला. आम्लधर्मी मातीत हेच लोह आणि ॲल्युमिनियम करतात. शिवाय स्फुरद मातीत फार हळू सरकतो. मुळाने आपल्याभोवतीचा एक-दोन मिलिमीटरचा पट्टा रिकामा केला की पलीकडचा साठा असून नसल्यासारखा. पीएसबी ग्लुकॉनिक आम्लासारखी आम्लं सोडून ही पकड सैल करतात, पण ती आम्लं बनवायला त्यांना कर्ब (कार्बन) लागतो. माझ्या मातीत सेंद्रिय कर्बच नव्हता. जिवाणूंना उपाशी ठेवून मी त्यांच्याकडून काम मागत होते.

मग मी वाळलेला पालापाचोळा गाडला आणि स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. रोपं आणखी खुरटली. पाल्यातलं कर्ब-स्फुरद गुणोत्तर साधारण 300 च्या वर गेलं की तो कुजवताना सूक्ष्मजीव मातीतला उपलब्ध स्फुरद स्वतःच्या पेशींत ओढून घेतात. 200 च्या खाली असेल तर तो सुटा होऊ लागतो. नत्राचंही तसंच, तेही त्यांनी आधी पळवलं. पुढे हे जिवाणू मेले, किंवा प्रोटोझोआ आणि सूत्रकृमींनी खाल्ले, की स्फुरद परत मातीत येतो. म्हणजे नुकसान नव्हतं, उधारी होती. पण रोपाला तेवढा धीर कुठला!

चौथ्या महिन्यात चांगलं कुजलेलं कंपोस्ट घातलं, त्यावर पीएसबी पुन्हा सोडलं, आणि नत्र अमोनियमच्या रूपात थोडं थोडं दिलं. अमोनियम शोषताना मूळ बाहेर आम्लता सोडतं, नायट्रेट शोषताना उलट होतं. इथून नवी पानं हिरवी निघाली. आता श्रेय कोणाला? कंपोस्ट आणि बाटली एकदमच दिल्यामुळे मला सांगता येणार नाही. एक वाफा बाटलीशिवाय ठेवायला हवा होता.

मायकोरायझाचं मात्र स्पष्ट दिसलं. ज्या वाफ्यात सुपर फॉस्फेट भरपूर पडलं होतं, तिथे काहीच फरक नाही. झाडाला आयता स्फुरद मिळाला की ते बुरशीला साखर देण्यात हात आखडतं. त्याच वाफ्यात मक्याच्या पानांवर जस्ताच्या कमतरतेचे पांढरट पट्टेही आले, कारण जादा स्फुरद जस्ताच्या आड येतो. खत न टाकलेल्या वाफ्यातला मका सरस निघाला. कोबीला भुकटी देणं हा शुद्ध वेडेपणा होता: मोहरीच्या कुळाची मुळं या बुरशीशी नातंच जोडत नाहीत. हे पाकिटावर एका ओळीत छापता आलं असतं.

तक्रार एकच. बाटलीवर ‘स्फुरद खताची गरज उरत नाही’ असं लिहिलंय. जिवाणू स्फुरद तयार करत नाहीत, मातीत आहे तो मोकळा करतात. साठाच नसेल तर काय मोकळा करणार? आणि बाटली उन्हात ठेवू नका, आत जिवंत पेशी असतात. माझी पहिली बाटली आठवडाभर खिडकीत तापली होती, तेही त्या दोन महिन्यांच्या हिशेबात धरा.

पीएसबी पुन्हा घेईन, पण कंपोस्ट तयार असेल तेव्हाच. उरलेली भुकटी मक्यासाठी राखून ठेवली आहे.