पेजेक होयो की भाताक?

गेल्या दिवाळीनंतर घरातला उकडा तांदूळ संपला आणि मी शहाणपणा केला. एका मोठ्या, थंडगार दुकानातून २५ किलोचं शिवलेलं पोतं आणलं. वर लाल अक्षरांत 'कोलम', खाली 'जुना तांदूळ', किंमत १६५० रुपये. दाणा बघितला नाही, वास घेतला नाही. पोतं शिवलेलं, बघणार कुठून? दुसऱ्या दिवशी दुपारी भाताचा गोळा झाला. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याचीच पेज केली. आईने दोन चमचे घेतले आणि वाटी माझ्याकडे सरकवली. "रे, ह्या पेजेन भिंतीर पोस्टरा चिकटव."

आईचं वय ८४. दात पाच. जेवणाबद्दल तिची तक्रार सहसा नसते, पण सकाळच्या पेजेवर ती तडजोड करत नाही. त्या पोत्यातल्या तांदळाच्या आम्ही पुढचे दोन महिने आंबोळ्या खाल्ल्या. शेजाऱ्यांनीही खाल्ल्या. तांदूळ कुजका नव्हता, नवा होता एवढंच. नव्यावर 'जुना' असं छापलेलं होतं.

म्हणून व्हाळाकडच्या, म्हणजे ओढ्याजवळच्या, भाताच्या गिरणीबद्दल लिहितो. कुडाळहून मालवणकडे जाताना आमचा फाटा लागतो. आत वळून साकव, म्हणजे व्हाळावरचा छोटा पूल, ओलांडला की डाव्या हाताला पत्र्याची शेड. पाटी नाही. दुपारी गेलात तर आवाजावरून सापडेल. मी एसटीत कंडक्टर होतो, नोकरीची बत्तीस वर्षं या रस्त्यांवर गेली, आणि ही गिरण रोज खिडकीतून दिसायची. तेव्हा मे संपताना मुंबईच्या गाडीच्या टपावर चाकरमान्यांच्या उकड्याच्या गोण्या चढायच्या, मी लगेजची तिकिटं फाडायचो आणि मनात म्हणायचो, मुंबईत काय तांदूळ मिळत नाही? आता कळतं.

पहिल्यांदा गेलो तेव्हा म्हटलं, "चांगला तांदूळ द्या दहा किलो." गिरणवाला पन्नाशीचा, भुवयांवर कोंडा बसलेला. त्याने मशीन बंद केलं आणि विचारलं, "काकानू, पेजेक होयो, भाताक होयो, की घावन्याक?" मी म्हटलं, सगळ्यालाच. तो हसला. "सगळ्याक चलता तो तांदूळ खयच मेळना नाय." मग वर्तमानपत्राच्या तीन पुड्या बांधल्या, पाव-पाव किलोच्या, आणि पैसे घेतले नाहीत. "आवशीक इचारा, मगे येवा."

उकडा आधी, कारण त्यासाठीच मी गेलो होतो. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो. भात, म्हणजे तुसासकटचं, रात्रभर भिजत घालतात, मग मोठ्या भांड्यात तूस फुटेपर्यंत उकडतात, कडक उन्हात वाळवतात आणि मग भरडतात, म्हणजे तूस काढतात. उकडल्यामुळे दाणा घट्ट होतो, भरडताना कमी तुटतो, आणि कोंड्याखालची जीवनसत्त्वं थोडीफार दाण्यात उतरतात. हे सगळं नीट झालं असेल तर. न झालेला उकडा कसा ओळखायचा ते मला गिरणवाल्याने शिकवलं. दहा-बारा दाणे तळहातावर घेऊन उजेडात धरा. दाणा एकसारखा मेणचट, पिवळसर दिसला पाहिजे. मध्ये पांढरा ठिपका राहिला असेल तर आतपर्यंत उकड लागलेली नाही, तो दाणा पेजेत बाहेरून विरघळतो आणि आतून कचकचतो. नंतर मूठ नाकाशी न्या. आंबूस वास आला तर भात पाण्यात जास्त वेळ पडून होतं, किंवा ढगाळ दिवसात वाळवलं. हा वास धुऊन जात नाही. मी तीन पाण्यांनी धुऊन बघितलंय, आईला तरी कळतं.

याच्याकडचा उकडा जाडा, तांबूस झाक असलेला. बहुतेक 'जया' वाणाचा, असं तो सांगतो. पोत्यावर नाव नाही, पण कोणाच्या मळ्यातलं भात ते त्याला पाठ असतं. कोळशाने एक तारीख मात्र प्रत्येक पोत्यावर लिहिलेली असते, भरडल्याची. मी त्याच्यावर विश्वास ठेवायला लागलो तो या तारखेमुळे. तांदूळ आठ दिवसांपूर्वी भरडलेला की आठ महिन्यांपूर्वी, हे मला आजवर दुसऱ्या कुठल्या दुकानदाराने सांगितलेलं नाही. विचारलं की "फ्रेश आहे साहेब" म्हणतात. कोंडा अंगावर ठेवलेल्या तांदळात तेल असतं, ते जुनं झालं की खवट होतं. म्हणजे भात जुनं चालेल, भरडणं ताजं हवं. ही गोष्ट मला साठीत समजली.

पेज केली ती अशी: एक वाटी उकडा, नऊ वाट्या पाणी, चुलीवर टोप, मंद जाळ, तासभर. कुकरला लावू नका, दाणा फाटतो आणि निवळ, म्हणजे वरचं पाणी, गढूळ होते. शेवटी मीठ. वर आलेली निवळ पातळ, किंचित गुलाबी, आणि खाली दाणे फुललेले पण सुटे. सोबत फणसाच्या कुयरीची, म्हणजे कोवळ्या फणसाची, भाजी होती. आईने आधी नुसती निवळ प्यायली. "ही पेज," एवढंच म्हणाली. दुपारी मी दहा किलो आणायला गेलो.

भातासाठी सुरय. आमच्याकडे न उकडलेल्याला सुरय म्हणतात. इथे त्याने मला नावाच्या नादातून सोडवलं. मी कोलम मागत होतो. तो म्हणाला, नाव सोडा, वय बघा. त्याच्याकडे मागल्या वर्षीच्या कापणीचा सुरय होता, मधल्या जाडीचा, दिसायला अगदी साधा. रत्नागिरीजवळच्या शिरगावच्या भात संशोधन केंद्रातून निघालेल्या वाणांपैकी हा एक, असं त्याने सांगितलं, आणि आकडा विचारला तर खांदे उडवले. दाताखाली धरला तर 'कट' करून तुटला, चिरडला नाही. ओलसर तांदूळ चिरडतो. वाटीला सव्वादोन वाट्या पाणी लागलं आणि शितं सुटी झाली. नव्याला दोन वाट्याही जास्त होतात. माझं ते २५ किलोचं पोतं इथेच फसलं होतं: पोत्यावरच्या 'जुना' या शब्दाप्रमाणे मी पाणी घातलं.

कोलमबद्दल एक आठवलं. वाड्याच्या कोलमला, म्हणजे पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्याच्या, २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. एका तालुक्याची शेतं केवढी आणि महाराष्ट्रभर दुकानांत 'वाडा कोलम' लिहिलेली पोती किती, हिशेब तुम्हीच करा. आंबेमोहोराचंही तेच, त्या नावाखाली बाहेरच्या राज्यांतला 'जीरा शंकर' तांदूळ सर्रास विकला जातो. तो वाईट लागतो असं नाही. पण मोहोराचे पैसे जिऱ्याला कशाला द्यायचे? मोदकाच्या पिठासाठी गिरणवाला मला आंबेमोहोर घ्याच म्हणाला नाही. म्हणाला, नवा सुरय धुवा, सावलीत वाळवा, आणून द्या, बारीक दळून देतो. गणपतीत सूनबाईने त्याचेच मोदक केले. एकाही मोदकाची पारी फाटली नाही. नव्या तांदळाचा चिकटपणा भातात नडतो, तो उकडीत उपयोगाला आला.

तिसरी पुडी वालय नावाच्या लाल तांदळाची. मला आवडला, आईला नाही. ९० रुपये किलो, आणि कणी बरीच. हा देशी दाणा जुन्या हलरवर, म्हणजे तूस काढायच्या जुन्या यंत्रावर, तुटतो. रबरी रोलरच्या यंत्रावर कमी तुटेल, पण ते यंत्र इथे नाही. माशाच्या आमटीबरोबर एखाद्या रविवारी ठीक. मधुमेहासाठी म्हणून कोणी ढीगभर खाणार असेल तर थाळी भरून लाल भात हाही भातच आहे.

रेशनच्या तांदळाचंही विचारलं, कारण आमच्या वाडीत त्याच्यात 'प्लास्टिकचे दाणे' सापडल्याचा गवगवा झाला होता. ते प्लास्टिक नव्हे. शंभर किलोत एक किलो या प्रमाणात लोह, फॉलिक आम्ल आणि बी-१२ घातलेले दाणे त्यात मिसळलेले होते. तांदळाचंच पीठ, पुन्हा दाण्याच्या आकारात दाबलेलं. ते वेगळे दिसतात, कधी पाण्यावर तरंगतात, आणि आमच्या शेजारणीने ते एकेक वेचून कोंबड्यांना घातले होते. कोंबड्या ठणठणीत आहेत.

आता गिरणीचे दोष, कारण हे कौतुकपत्र नाही. एक, खडे. याच्याकडे खडे काढायचं यंत्र नाही, सुपात पाखडून, ताटात पसरून निवडावंच लागतं. माझी एक दाढ याच गिरणीच्या नावावर आहे. दोन, वीज. पावसात दिवसभर वीज नसली की शेडला कुलूप, आणि फोन उचलत नाही. तीन, जूनपासून पाऊस थांबेपर्यंत नवा उकडा नाही. ऊन नाही तर वाळवणार कुठे? याबद्दल मी त्याला दोष देत नाही, उलट श्रावणात 'ताजा उकडा' विकणाऱ्याकडे मी संशयाने बघतो. पण मेअखेरीस साठा केला नाही तर तुम्ही अडकता. आम्ही आता ३० किलो भरून ठेवतो, पत्र्याच्या डब्यात, दोन दिवस ऊन दाखवून, पूर्ण गार करून मगच झाकण लावतो. गरम असताना झाकला तर आत पाणी धरतो. मध्ये बिबवे आणि सुक्या मिरच्या. तरी ऑगस्टात टोके, म्हणजे तांदळातले किडे, होतातच.

आणि चार, तो उधार देत नाही, मोबाइलने पैसेही घेत नाही. रोख न्या. मागच्या खेपेचा माझा हिशेब: उकडा १० किलो ५२ रुपयांनी, जुना सुरय १० किलो ५६ रुपयांनी, वालय २ किलो. एकूण १२६० रुपये. सरकारने २०२५-२६ साठी साध्या भाताचा हमीभाव क्विंटलला २३६९ रुपये ठरवला. क्विंटलभर भातातून साधारण ६५ किलो तांदूळ हाती येतो, त्यात आमच्याकडची उकडण्याची मजुरी, लाकूडफाटा धरा, मग ५२ मला महाग वाटत नाहीत. मोठ्या दुकानातलं ते पोतं किलोला ६६ ने पडलं होतं.

जायचं तर सकाळी अकराच्या आत जा, नंतर भरडायला येणाऱ्यांची रांग असते आणि तो बोलायला मोकळा नसतो. पिशवी घरून न्या, जाड कापडाची. त्याच्याकडची पातळ पिशवी कोपऱ्यात फाटते. माझा किलोभर वालय साकवावर सांडला, मी स्कूटर उभी करून मागे येईपर्यंत खालच्या घरातल्या कोंबड्या पोचल्या होत्या.