फ्रेंच भूतकाळ: आँपार्फे की पासे काँपोझे?

रोज संध्याकाळी रंकाळ्यावर ‘जायचो’ म्हणायचं असेल तर आँपार्फे. काल एकदाच ‘गेलो’ तर पासे काँपोझे. मराठी माणसाला हा फरक जन्मजात कळतो, त्याचाच आधार घ्या. ‘पाऊस पडत होता, तेवढ्यात एसटी आली’ यात पाऊस आँपार्फेत, एसटी पासे काँपोझेत. ‘माहीत होतं’ म्हणजे झ साव्हे, ‘कळलं’ म्हणजे झे स्यू.

फसगत होते ती कालावधीने. ‘दोन वर्षं कोल्हापुरात राहिलो’ हे लांबलचक वाटलं तरी मुदत संपलेली आहे, म्हणून पासे काँपोझेच.

रूपं बनवायला आँपार्फे फार सोपा. वर्तमानकाळातलं ‘नू’चं (आम्ही) रूप घ्या, शेवटचं ‘ओं’ काढा, प्रत्यय जोडा: नू फिनिसों (आम्ही संपवतो), झ फिनिसे (मी संपवायचो). मूळ क्रियापदावरून केलं की चुकतं. अपवाद एकच, एत्र (असणे): झेते. पासे काँपोझेत मात्र आव्हुआर (जवळ असणे) की एत्र हे सहायक क्रियापद निवडा, वर कृदंत पाठ करा.

बोलताना ‘झ पार्ले’ (बोलायचो) आणि ‘झे पार्ले’ (बोललो) जवळजवळ सारखेच ऐकू येतात. अर्थ सगळा त्या पहिल्या अक्षरात आहे. ‘झे’ स्पष्ट उच्चारा.