पाडवा ते पाडवा: ऑडी टीटीचा वर्षभराचा हिशोब

२०२४ च्या दिवाळी पाडव्याला, म्हणजे २ नोव्हेंबरला, मी ऑडी टीटी घेतली. २०१६ ची, सेकंड हँड, ३८,१०४ किलोमीटर चाललेली, एमएच ०२ पासिंग. साडेसव्वीस लाखांना. त्या दिवसापासून सोसायटीत, ऑफिसात, सिग्नलला शेजारी थांबलेल्या रिक्षावाल्या दादांकडून सुद्धा एकच प्रश्न ऐकत आले आहे: "अ‍ॅव्हरेज किती देते?"

व्यवसायाने मी हिशोब तपासणारी. त्यामुळे पहिल्या दिवशीच एक वही केली आणि गाडीवर झालेला प्रत्येक रुपया तिच्यात लिहिला. २०२५ च्या पाडव्याला, २२ ऑक्टोबरला, ती बंद करून बेरीज मारली. अशी गाडी घ्यायचं मनात असलेल्यांसाठी ते आकडे इथे देते आहे. अ‍ॅव्हरेज सांगेनच, पण सगळेजण पेट्रोलचं विचारतात आणि खरा खर्च भलतीकडेच असतो, हे मला जास्त कळकळीने सांगायचं आहे.

आधी गाडीबद्दल थोडं. दोन दारं, दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, २३० हॉर्सपॉवर, सहा गिअरचा ड्युअल क्लच ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणि चारही चाकांना ताकद देणारी क्वाट्रो यंत्रणा. भारतात ही पिढी २०१५ मध्ये आली, तेव्हा किंमत साठ लाखांच्या वर होती. हंगेरीतल्या ग्योर इथल्या कारखान्यात टीटीचं उत्पादन नोव्हेंबर २०२३ मध्ये थांबलं, त्यामुळे आता मिळेल ती वापरलेलीच. त्यात फायदाही आहे. पहिल्या मालकाने रोड टॅक्स एकरकमी भरलेला असतो आणि गाडी महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात नावावर करताना तो पुन्हा भरावा लागत नाही. किंमतही पहिल्या काही वर्षांत पडायची तेवढी पडून गेलेली असते.

माझं रोजचं येणं-जाणं विलेपार्ले पूर्व ते फोर्ट. आठवड्यातले तीन दिवस गाडी, बाकीचे दिवस लोकल. एका बाजूचं अंतर साधारण २५ किलोमीटर, आणि त्या २५ किलोमीटरमध्ये या गाडीची दोन वेगवेगळी रूपं दिसतात.

पार्ल्याहून वांद्र्यापर्यंतचे आठेक किलोमीटर पश्चिम द्रुतगती मार्गावर रखडत जायचं. इंजिन अजून थंड, एसी चालू, दर शंभर मीटरवर ब्रेक. इथे ट्रिप मीटरवर लिटरला ७ दिसतं, आणि शाळांच्या सुट्ट्या संपल्यावरच्या सोमवारी साडेसहासुद्धा. सिग्नलला इंजिन आपोआप बंद करणारी स्टार्ट-स्टॉप सोय आहे, पण मुंबईच्या उन्हात एसीवरच इतका भार असतो की मे महिन्यात ते इंजिन क्वचितच बंद राहतं. मग सी लिंक लागतो. तिथून वरळीला उतरायचं नाही, सरळ कोस्टल रोडवर. मरीन ड्राइव्हपर्यंत एकही सिग्नल नाही. सी लिंकवर आणि कोस्टल रोडवर वेगमर्यादा ताशी ८०, बोगद्यात ६०. गाडी कशी चालावी ते निवडायचं 'ड्राइव्ह सिलेक्ट' बटण 'एफिशिएन्सी'वर, म्हणजे काटकसरीवर, ठेवलं की पाय उचलताच गिअरबॉक्स इंजिनापासून सुटतो आणि गाडी स्वतःच्या गतीने पुढे सरकत राहते. या पट्ट्यात मला कायम १५ मिळतं. एकदा रविवारी सकाळी १६.४ मिळालं होतं, तो आकडा वहीत लाल पेनाने लिहिला आहे.

कोस्टल रोड जानेवारी २०२५ मध्ये पूर्ण जोडला गेला, तेव्हा माझं अ‍ॅव्हरेज लिटरमागे जवळजवळ एक किलोमीटरने सुधारलं. गाडीत मी काहीच बदललं नव्हतं, रस्ता बदलला होता. म्हणून कोणी अ‍ॅव्हरेज विचारलं की मी आधी विचारते, तुमचा रोजचा रस्ता कुठला? अंधेरी ते पवई असाल तर ७ धरा. ठाण्याहून घोडबंदरला जात असाल तरी तेच.

वर्षभराची गोळाबेरीज अशी: ८,२१४ किलोमीटर, ७८६ लिटर, म्हणजे लिटरला १०.४५. प्रत्येक वेळी टाकी फुल, एकाच पंपावर, पंपाची नळी पहिल्यांदा आपोआप बंद होते (ऑटो कट) तिथेच थांबून मोजलेलं. डॅशबोर्डवरचा आकडा याहून अर्ध्या-पाऊण किलोमीटरने जास्तच दाखवतो, त्यावर विसंबू नका. टाकी ५५ लिटरची आहे. मी पाव टाकी उरली की भरते, त्यामुळे साधारण तीन आठवड्यांतून एकदा पंपावर जाणं होतं.

पेट्रोल मी ९५ ऑक्टेनचंच घालते, त्या वर्षी मुंबईत लिटरला १११ रुपयांच्या आसपास पडायचं. साधं पेट्रोल तेव्हा १०३ रुपयांच्या पुढे होतं. लिटरमागे वाचणाऱ्या सात-आठ रुपयांसाठी या इंजिनात कमी ऑक्टेनचं घालू नये असं माझं स्पष्ट मत आहे. नॉक सेन्सर, म्हणजे इंजिनात इंधन अवेळी पेटतंय का ते ओळखणारा सेन्सर, इंजिन सांभाळून घेतो, पण त्यासाठी ठिणगी उशिरा पाडायला लावतो आणि ताकद नि अ‍ॅव्हरेज दोन्ही थोडं थोडं जातं. मात्र प्रीमियम म्हणजे बिनइथेनॉलचं, असा अनेकांचा समज आहे, तसं नाही. ९५ मध्येही इथेनॉल असतं. लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी, तेव्हा वीस टक्के मिश्रणात सहा-सात टक्के ऊर्जा कमी मिळणार, हे गणित कोणत्याही गाडीला चुकत नाही. जुन्या गाडीचे रबरी पाइप आणि सील म्हणूनच मी प्रत्येक सर्व्हिसला आवर्जून तपासून घेते.

तर पेट्रोलवर वर्षभरात ८७,३०० रुपये गेले. आता बाकीचं.

विमा ६१,७०० रुपये. दीड हजार सीसीच्या वरच्या गाडीला थर्ड पार्टीचा हप्ताच ७,८९७ रुपये होता, उरलेला स्वतःच्या नुकसानीचा आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. गाडी आठ वर्षांची म्हणून झिरो डेप, म्हणजे सुट्या भागांचा घसारा न कापता पैसे देणारं कलम, मिळालं नाही. पण इंजिन प्रोटेक्शन मी हट्टाने घेतलं. तुंबलेल्या पाण्यात इंजिनाने पाणी ओढलं तर साध्या विम्यात ते नुकसान धरत नाहीत आणि मुंबईत बुटकी गाडी चालवायची तर हे कलम हवंच. २०२५ मध्ये पाऊस २६ मे रोजीच मुंबईत येऊन थडकला. १८ आणि १९ ऑगस्टला शहर पाण्यात होतं, ते दोन्ही दिवस गाडी जागची हलवली नाही. हमखास पाणी तुंबणाऱ्या मिलन सबवेच्या दिशेला पावसाळ्यात मी गाडी नेतच नाही.

सर्व्हिसिंग ३४,५०० रुपये, त्यात इंजिन ऑइल, फिल्टर, ब्रेक ऑइल सगळं आलं. त्याखेरीज गिअरबॉक्सचं आणि मागच्या चाकांना ताकद पोचवणाऱ्या हॅल्डेक्स क्लचचं ऑइल बदललं, त्याचे ४१,०००. गिअरबॉक्सचं ऑइल साठ हजार किलोमीटरला बदलायचं असतं, माझी गाडी तेव्हा बेचाळीस हजारांवर होती. जोगेश्वरीचे मिस्त्री म्हणाले, "मॅडम, साठ हजारांची वाट बघू नका. मुंबईतले चाळीस म्हणजे हायवेचे साठ." त्यांनी काढलेलं जुनं ऑइल काचेच्या बरणीत धरून दाखवलं. नवं ऑइल मधासारखं पारदर्शक होतं आणि जुनं उकळलेल्या काढ्यासारखं. ट्रॅफिकमध्ये पहिला-दुसरा गिअर दिवसातून किती वेळा बदलतो त्याचा हिशोब त्या बरणीत होता. हा खर्च मला जराही जड वाटला नाही. ड्युअल क्लच गाडी घेऊन जो या ऑइलमध्ये काटकसर करतो, त्याला पुढे गिअरबॉक्सच उघडावा लागतो.

मला खरोखर लागला तो टायरचा खर्च. जुलैतली संध्याकाळ, धो धो पाऊस, अंधेरी आणि पार्ल्याच्या मध्ये रस्त्यावर पाणी साचलेलं. खड्डा दिसलाच नाही. धाडकन आवाज झाला आणि स्टिअरिंग डावीकडे खेचू लागलं. बाजूला घेऊन मोबाइलच्या उजेडात पाहिलं तर पुढच्या डाव्या टायरची बाजूची भिंत बोटभर चिरलेली, आतले धागे बाहेर. या गाडीत स्टेपनी नसते. पंक्चर भरायचं रसायन आणि छोटा पंप असतो, आणि ते रसायन खिळ्याच्या भोकाला चालतं, भिंतीच्या चिरेला नाही. पाऊण तास भिजत थांबले. क्वाट्रो गाडी दोन चाकं उचलून ओढत नेता येत नाही, चारही चाकं ट्रकवर चढवूनच न्यावी लागते. आलेल्या पहिल्या टोइंगवाल्याला हे माझ्या परीने समजावून सांगितलं आणि परत पाठवलं. दुसरी गाडी सपाट ट्रकची आली तेव्हा साडेनऊ वाजले होते.

२४५/४० आर १८ मापाचे टायर, एकाला १९,८०० रुपये. एकच फाटला तरी मी पुढचे दोन्ही घातले, कारण पुढच्या दोन टायरच्या जाडीत फरक नको. दोन टायर, रिम सरळ करणं, अलाइनमेंट मिळून ४५,९००. विम्यातून काही मागितलं नाही. नुसता टायर गेला आणि गाडीच्या इतर भागाला धक्का नाही, तर साधा विमा टायरचे पैसे देत नाही, आणि रिमचे चार पैसे मागून २० टक्के नो क्लेम बोनस घालवणं परवडणारं नव्हतं. तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी हवा तपासते. हवा दोन पॉइंट कमी असली तरी या चपट्या टायरची भिंत खड्ड्यात रिमवर आपटते.

टोल २६,४००. सी लिंकला जाऊन येऊन १५० रुपये, आणि वर्षात तीनदा पुण्याला गेले त्याचा द्रुतगती मार्गाचा एका बाजूचा ३२० प्रमाणे. एकदा शुक्रवारी ऑफिसातूनच अटल सेतूने निघाले. एका बाजूचा टोल २५०, पण शिवडीहून चढल्यावर २१.८ किलोमीटर शंभरच्या आत एका लयीत गाडी चालते आणि दोन्ही बाजूंना खाडीचं पाणी. गाडी धुणाऱ्या दादांचे, पीयूसीचे आणि नव्या नंबर प्लेटचे मिळून १०,७००.

बेरीज ३,०७,५०० रुपये. किलोमीटरला साडेसदतीस. यात पेट्रोल जेमतेम साडेदहा रुपये, म्हणजे तीस टक्क्यांच्याही आत. गाडीने लिटरला १०.४५ ऐवजी १३ दिले असते तरी वर्षाला सतरा हजार वाचले असते, एका टायरपेक्षाही कमी.

आणि अजून घसारा आलेला नाही. ऑक्टोबरमध्ये किंमत काढून घेतली तर चोवीस लाख सांगितले. म्हणजे अडीच लाख गेले, किलोमीटरचा दर ६८ रुपयांच्या घरात. साडेसव्वीस लाख सात टक्क्यांनी बँकेत ठेवले असते तर मिळालं असतं ते १,८५,५०० रुपयांचं व्याज धरलं तर ९० रुपये. काळी-पिवळी टॅक्सीचा दर फेब्रुवारी २०२५ मध्ये किलोमीटरला २०.६६ झाला. हप्त्यावर घेणाऱ्यांनी हा ९० चा आकडा लिहून फ्रिजवर चिकटवावा आणि आठवडाभर त्याच्याकडे पाहून मगच सही करावी.

पैशात न मोजता येणाऱ्या दोन गोष्टी राहिल्या. दोन दारांच्या गाडीचं दार लांब असतं. आमच्या सोसायटीतल्या खांबांमधल्या पार्किंगमध्ये ते वीतभरच उघडायचं. आधी डावा पाय, मग कंबर, मग मान, असं आत शिरावं लागायचं. महिनाभर हे पाहून खालच्या मजल्यावरचे काका स्वतःहून म्हणाले, "अगं, माझी वॅगन आर कुठेही मावते. तू भिंतीकडची जागा घे." जागा बदलून दिली तेव्हा हा त्रास मिटला. घेण्याआधी आपल्या जागेत दार किती उघडेल ते टेपने मोजा, टेस्ट ड्राइव्हमध्ये हे कळत नाही.

दुसरी गोष्ट आईची. तिचं वय ७२, गुडघे दुखतात, इतक्या खाली बसणं-उठणं तिला जमत नाही. मागची सीट १.४५ मीटरपर्यंतच्या उंचीच्या माणसांसाठी आहे, म्हणजे मुलांसाठीच. त्यामुळे कुटुंबाची एकुलती एक गाडी म्हणून मी टीटी कोणालाही सुचवणार नाही. आमच्याकडे नवऱ्याची साधी गाडी आहे म्हणून हे चालतं. तरी २०२५ चा गणपती टीटीतूनच आणला. नवऱ्याच्या मांडीवर मूर्ती, पाटाखाली दुमडलेला टॉवेल, आणि पार्ल्याच्या गल्लीतला प्रत्येक गतिरोधक मी तिरका, एकेक चाक चढवत पार केला. मंडपाबाहेरून घरापर्यंत दीड किलोमीटर, वीस मिनिटं. त्या दिवशीचं अ‍ॅव्हरेज ४.१ होतं, तेही लिहिलं आहे.

पुन्हा घेईन का, असं विचारलंत तर हो. संध्याकाळी साडेसातला मरीन ड्राइव्हच्या बोगद्यातून बाहेर पडून हाजी अलीच्या वळणावर स्टिअरिंग जसं हाताशी बोलतं, त्यासाठी मी टीव्ही, परदेशवारी आणि दागिन्यांवरचा खर्च आनंदाने सोडला आहे. पण हे ठरवलं आकडे समोर ठेवून, आणि वर्षाला तीन लाख बाजूला काढता येत असतील तरच कोणीही हे ठरवावं.

नव्या वहीत येत्या वर्षासाठी मागचे दोन टायर, बॅटरी आणि पुढचे ब्रेक पॅड असे ८५,००० धरून ठेवले आहेत. पाडव्याला हळदकुंकू वाहून पहिली नोंद केली: ४६,३१८ किलोमीटर, ४०.६ लिटर, टाकी फुल.