गुआमला निघालात? घराआधी शाळा ठरवा

गुआम म्हणजे पश्चिम पॅसिफिक महासागरातलं अमेरिकेच्या ताब्यातलं बेट. तिथली नोकरी पक्की झाली की बहुतेक कुटुंबं आधी घर शोधू लागतात. समुद्र दिसतो का, भाडं किती, ऑफिस किती लांब. मुलं असतील तर हा क्रम उलटा करा, असं मी आग्रहाने सांगेन. बेट लांबीला जेमतेम ५० किलोमीटर आहे आणि २०२० च्या जनगणनेत तिथली वस्ती १,५३,८३६ होती. हे आकडे पाहून सगळं हाकेच्या अंतरावर असेल असं वाटतं, पण सकाळी शाळेच्या वेळेला मरीन कोर ड्राइव्ह या मुख्य रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. घर उत्तरेला यिगोत (लिहितात यिगो, म्हणतात जीगो) आणि शाळा मध्यभागी मांगिलावला असेल, तर मुलाचा दिवस गाडीतच सुरू होतो आणि गाडीतच संपतो.

शाळा निवडण्याआधी दोन प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहा. पगार नेमकं कोण देणार आहे? आणि गुआमनंतर कुठे जायचं आहे: अमेरिकेच्या मुख्य भूमीवर, भारतात, की इथेच राहायचं? शाळांची नावं त्यानंतर बघा.

पहिल्या प्रश्नावर एक दार उघडतं किंवा बंद होतं. अमेरिकी संरक्षण खात्याच्या गुआममध्ये चार शाळा आहेत. त्या १९९७ मध्ये सुरू झाल्या. तोवर सैनिकांची मुलंही बेटावरच्या सरकारी शाळांतच जात. आई किंवा वडील अमेरिकी सैन्यात असतील, किंवा ठरावीक अटींवर मुख्य भूमीवरून आणलेले संघीय नागरी कर्मचारी असतील, तर या शाळा मोफत मिळतात. दोन-तीन वर्षांनी पुन्हा बदली होणाऱ्या घरासाठी याहून सोयीचं काही नाही, कारण संरक्षण खात्याच्या जगभरातल्या शाळांत अभ्यासक्रम एकच असतो. पण लष्करी तळावर काम करणाऱ्या प्रत्येकाच्या मुलाला तळावरची शाळा मिळतेच असं नाही. खासगी कंत्राटदार कंपनीतले अभियंते इथेच फसतात. पात्रता लेखी घ्या, तोंडी भरवशावर तिकिटं काढू नका.

या चारांपैकी एका शाळेला विल्यम मॅककूल यांचं नाव आहे. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया यानाच्या अपघातात कल्पना चावलांबरोबर जे गेले, त्यांतले हे वैमानिक. लहानपणी काही वर्षं ते गुआमच्या सरकारी शाळांत शिकले होते. आपल्या मुलांना हे जरूर सांगावं.

आता सरकारी शाळा. बेटावरची बहुसंख्य मुलं इथेच शिकतात, त्यामुळे हा पर्याय नीट समजून घ्यायला हवा. फी नाही, सार्वजनिक बांधकाम विभागाची स्कूल बस आहे, आणि शाळा पत्त्यावरून ठरते. म्हणूनच घराआधी शाळा. वर्गात चामोरो (बेटाचे मूळ रहिवासी), फिलिपिनो आणि चूकसारख्या मायक्रोनेशियातल्या बेटांवरून आलेली मुलं असतात. घरी दुसरी भाषा आणि शाळेत इंग्रजी हे इथे नेहमीचं आहे. इंग्रजी कच्चं असलेल्या मुलांसाठी वेगळी मदत असते. मराठी किंवा सेमी-इंग्रजी माध्यमातून आलेल्या मुलाला इथे आपण वेगळे पडलो असं वाटण्याची शक्यता कमी, असं माझं मत आहे.

चामोरो भाषा सरकारी शाळांत सक्तीची आहे. काही पालक कपाळाला आठ्या घालतात: दोन वर्षांसाठी ही भाषा कशाला? मला उलट वाटतं. अमेरिकी नौदलाच्या राजवटीत याच बेटावर शाळेत चामोरो बोलायला बंदी होती, आणि आज तीच भाषा वेळापत्रकात आहे. महाराष्ट्रात मराठी सक्तीची व्हावी म्हणून आपण किती बोललो आहोत! मग पाहुणा म्हणून गेल्यावर यजमानांची भाषा शिकायला का कुरकुरायचं?

विशेष गरज असलेलं मूल असेल तर मी सरकारी शाळेचाच विचार आधी करेन. अपंग मुलांच्या शिक्षणाचा अमेरिकी संघीय कायदा इथे लागू आहे. मुलाचं मूल्यमापन करणं आणि त्याच्यासाठी स्वतंत्र शिक्षण-योजना आखणं सरकारी शाळेला बंधनकारक आहे. खासगी शाळेवर तशी जबाबदारी नसते. मात्र बेट छोटं असल्यामुळे वाचा-उपचार किंवा व्यवसायोपचार करणारे तज्ज्ञ मोजके असतात. नोकरी स्वीकारण्याआधी याची चौकशी करा.

आता दुखरी बाजू. मे २०२३ मध्ये मावर चक्रीवादळ आलं. त्या ऑगस्टमध्ये शाळा सुरू व्हायच्या वेळी अनेक सरकारी इमारती स्वच्छता तपासणीत उत्तीर्ण झाल्या नाहीत आणि शाळा उशिरा उघडल्या. यिगोच्या सायमन सांचेझ हायस्कूलची मुलं दुसऱ्या हायस्कूलच्या इमारतीत पाळी लावून शिकली. सकाळची शाळा, दुपारची शाळा ही पद्धत आपल्याला नवी नाही, पण आई-वडील दोघंही नोकरी करत असतील तर घराचं गणित कोलमडतं. शिवाय वादळात याच शाळा निवारा केंद्रं होतात. म्हणून शाळा बघायला जाल तेव्हा निकालांआधी छप्पर, स्वच्छतागृहं आणि वर्गातला एसी बघा. त्या दमट हवेत एसी ही चैन नाही.

चार्टर शाळा हा मधला मार्ग आहे. गुआहान अकॅडमी आणि आयलर्न अकॅडमी ही त्यांतली नावं. या शाळा सरकारी पैशावर चालतात, त्यामुळे फी नसते, पण कारभार स्वतंत्र असतो आणि जागा मर्यादित असतात. फक्त यांच्यावर विसंबून येऊ नका.

खासगी शाळांत दोन वाटा दिसतात. टुमॉनजवळची सेंट जॉन्स ही एपिस्कोपल या प्रोटेस्टंट चर्चशी जोडलेली शाळा, बालवर्गापासून बारावीपर्यंत. इथे आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) डिप्लोमा हा अकरावी-बारावीचा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम आहे. मूल नववी-दहावीत असेल आणि पुढे भारतात परतायचं पक्कं असेल, तर माझी पहिली पसंती हीच. आयबी डिप्लोमाला आपल्याकडे बारावीची समकक्षता मिळते आणि विद्यापीठांनाही तो ओळखीचा आहे. नुसता अमेरिकी हायस्कूल डिप्लोमा घेऊन आलात तर समकक्षतेसाठी जास्त कागद नाचवावे लागतात. मात्र वैद्यकीय किंवा अभियांत्रिकीकडे जायचं असेल तर भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र किंवा गणित हे विषय अकरावीलाच जपून निवडा. तिथे चूक झाली तर पुढे दुरुस्त करणं अवघड जातं.

दुसरी वाट कॅथलिक शाळांची. मांगिलावची फादर दुएन्यास ही मुलांची, तर राजधानी हगात्न्यातली अकॅडमी ऑफ अवर लेडी ही मुलींची. जुलै १९४४ मध्ये जपानी सैन्याने ज्या फादर हेसुस दुएन्यास यांना ठार मारलं, त्यांचं नाव पहिल्या शाळेला आहे, आणि बेटावर हे नाव फार मानाने घेतलं जातं. पुण्या-मुंबईच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या पालकांना वातावरण ओळखीचं वाटेल, पण एक फरक लक्षात घ्या. आपल्याकडे इतर धर्मांच्या मुलांना धर्मशिक्षणाच्या तासाला मूल्यशिक्षण असतं, तिथे धर्मशिक्षण हा गुणांचा विषय असतो. मला त्यात अडचण वाटत नाही, पण घरात आजी-आजोबांसकट आधी बोलून घेतलेलं बरं.

घरी शिकवायलाही कायद्याने परवानगी आहे. इथे घड्याळ आडवं येतं. न्यूयॉर्कमध्ये उन्हाळी वेळेप्रमाणे सकाळचे ८ वाजतात तेव्हा गुआममध्ये रात्रीचे १० झालेले असतात. म्हणजे मुख्य भूमीवरची थेट ऑनलाइन शाळा जवळपास अशक्य, आपल्या वेळेने करता येणारा अभ्यासक्रमच चालेल. अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांचे रविवार सकाळचे मराठी वर्गही गुआममध्ये मध्यरात्री पडतात. भारत मात्र फक्त साडेचार तास मागे आहे. दुपारी ३ ला शाळा सुटते तेव्हा पुण्यात सकाळचे साडेदहा वाजलेले असतात. गणिताची शिकवणी किंवा मराठी वाचन तिकडून आरामात जमतं. पण एकटं मूल घरात बसवून बेटाची ओळख होणार नाही, म्हणून प्राथमिक वयासाठी हा पर्याय मी सुचवणार नाही.

वेळेचं आणखी एक. शाळेचं नवं वर्ष ऑगस्टमध्ये सुरू होतं. भारतातून जाणाऱ्यांनी एप्रिलची परीक्षा देऊन निघावं. शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका आणि लसीकरणाची नोंद यांच्या इंग्रजी प्रती जवळ ठेवा.

बाहेरून येणाऱ्या मुलांकडे शाळा क्षयरोगाची चाचणी मागते. आपल्या मुलांना जन्मतःच बीसीजी ही क्षयरोगाची लस टोचलेली असते, त्यामुळे त्वचेवरची चाचणी आजार नसतानाही पॉझिटिव्ह येऊ शकते. मग एक्स-रे आणि डॉक्टरांचं पत्र येईपर्यंत मूल घरी. बीसीजीचा परिणाम न होणारी रक्तचाचणी असते. ती शाळेला चालेल का हे ईमेलवर विचारून घ्या आणि अहवाल हातातल्या बॅगेत ठेवा.